चेंडू न येणारी बाजू

अमेरिकन फुटबॉलच्या आकडेवारीत एक मोठी पोकळी आहे. प्रतिस्पर्ध्याने आपल्या साथीदाराकडे फेकलेला चेंडू मधल्यामध्ये पळवणं याला इंटरसेप्शन म्हणतात. व्यावसायिक लीगमधला, म्हणजे एनएफएलमधला, याचा सर्वकालीन विक्रम पॉल क्रॉसच्या नावावर आहे: ८१. रॉड वुडसनचे ७१. या यादीत डीऑन सँडर्स बराच खाली, ५३ वर आहे. तरीही गेल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, कोण असं विचारलं, तर बहुतेक जाणकार सँडर्सचंच नाव घेतील. याचं कारण असं की त्याच्या बाजूला चेंडू फेकायला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे, धजत नसत. जो चेंडू फेकलाच नाही तो पकडणार कसा? आणि न फेकलेल्या चेंडूची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

हा माणूस पुढे विद्यापीठाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. प्रशिक्षकाचा हिशोब याच्या अगदी उलटा. त्याच्या नावापुढे विजय आणि पराभव असे दोन आकडे लिहिले जातात आणि त्यातून काहीच लपत नाही. चेंडू आपल्याकडे येऊ न देण्यात ज्याने आयुष्य घालवलं, त्याच्याकडे आता प्रत्येक चेंडूचा जाब मागितला जातो. सँडर्सच्या दोन कारकिर्दी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत त्या यासाठीच.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद. प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू मैदानात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. पुढे सरकायचे मार्ग दोन: चेंडू घेऊन पळायचं किंवा हवेतून फेकायचा. फेकण्याचं काम क्वार्टरबॅकचं. त्याचे सर्वांत वेगवान साथीदार, वाइड रिसीव्हर, मैदानाच्या दोन्ही कडांजवळ उभे असतात. चेंडू सुटला की ते सुसाट निघतात, मध्येच वळतात, थांबतात, पुन्हा पळतात. या रिसीव्हरसमोर उभा असतो तो कॉर्नरबॅक.

रिसीव्हरला आपण कुठे जाणार हे ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला नसतं. त्यातून तो उलटा पळत असतो. पहिली काही पावलं पाठीमागे टाकायची, नजर रिसीव्हरच्या कमरेवर ठेवायची, कारण डोकं आणि खांदे हुलकावणी देतात, कंबर सहसा देत नाही. मग ज्या क्षणी तो वळेल त्या क्षणी आपलीही कंबर फिरवून त्याच्या बरोबरीने पळायचं. हे सगळं दोनेक सेकंदांत. एनएफएलने १९७८ साली नियम केला की पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देऊन अडवायचं नाही. तेव्हापासून खेळाचा कल उघडपणे फेकणाऱ्यांच्या बाजूने गेला आणि कॉर्नरबॅकचं काम मैदानावरच्या सर्वांत कठीण कामांपैकी एक झालं. कबड्डीत कोपऱ्यातल्या रक्षकाची झेप चुकली तर सावरून घ्यायला शेजारी कव्हर असतो. कॉर्नरबॅकची चूक झाली की त्याच्यामागे बहुधा नुसतं गवत असतं आणि गवताच्या टोकाला गोलरेषा. खेळाडू या अवस्थेला ‘बेटावर असणं’ म्हणतात.

बहुतेक संघ यावर तोड म्हणून मागे उभ्या असलेल्या सेफ्टी या खेळाडूला कॉर्नरबॅकच्या मदतीला पाठवतात. सँडर्सला ही मदत लागत नसे. त्याचं खरं मोल इथेच आहे आणि ते आकड्यांत दिसत नाही. एका कडेला तो असला की सेफ्टी निर्धास्तपणे दुसऱ्या कडेला सरकू शके. म्हणजे उरलेल्या जागेत बचाव करणाऱ्यांचा एक माणूस वाढला. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला जागा शोधावी लागे, त्यात अर्धा-पाऊण सेकंद जास्त जाई, आणि तेवढ्या वेळात पुढच्या फळीतले रक्षक त्याच्यापर्यंत पोचत. त्या रक्षकांच्या नावावर जमा झालेल्या पराक्रमात सँडर्सचा वाटा असे, पण लिहिला जात नसे.

त्याची एक चाल मात्र डोळ्यांना दिसणारी होती. तो मुद्दाम रिसीव्हरपासून दोन पावलं लांब राही. क्वार्टरबॅकला वाटे, माणूस मोकळा आहे. चेंडू हातातून सुटला की सँडर्स ते अंतर मिटवी. हा सापळा लावण्यासाठी पायात वेग हवाच. त्याहून जास्त हवा तो फेकणाऱ्याच्या मनाचा अंदाज. त्याची उणी बाजूही लपलेली नव्हती. चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्या धिप्पाड खेळाडूला भिडून पाडण्यात त्याला फारसा रस नव्हता आणि टीकाकारांनी ते कारकीर्दभर बोलून दाखवलं. टीका खरी होती. पण रिसीव्हरच्या हातात चेंडूच जाऊ दिला नाही तर त्याला पाडायची वेळ कितीदा येणार, हेही तितकंच खरं.

सँडर्सचा जन्म ९ ऑगस्ट १९६७ रोजी फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सचा. आई इस्पितळात साफसफाईचं काम करायची. २०११ साली प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला तेव्हाच्या भाषणात त्याने सांगितलं की शाळकरी वयात एका मित्राने आईला इस्पितळात गाडा ढकलताना पाहून चिडवलं आणि आपल्याला आईची लाज वाटली. त्या लाजेची लाज वाटून त्याने ठरवलं की आईला पुन्हा काम करावं लागणार नाही. त्याच्या झगमगाटाकडे पाहताना हा तपशील मला विसरता येत नाही. सोन्याच्या साखळ्या, गॉगल, डोक्याला बांधलेला रुमाल, ‘प्राइम टाइम’ हे टोपणनाव, हे सगळं बेफिकीर दिसतं. त्यामागे मात्र रोखठोक हिशोब होता. टोपणनाव शाळेतल्या बास्केटबॉलच्या दिवसांतलं. त्याभोवती एक पात्र उभं केलं ते फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात, आणि त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे की त्या काळी कॉर्नरबॅकला मोठा पैसा मिळत नव्हता म्हणून. जे काम नोंदवहीत दिसत नाही त्याची किंमत कोणी देत नाही, हे त्याने विशीच्या आत ओळखलं. काम बोलत नसेल तर आपण बोलायचं, असं ठरवलं. त्याची बढाई अनेकांना सहन होत नाही. मला ती एका गरीब मुलाने स्वतःच्या श्रमाचा भाव ठरवण्यासाठी केलेली घासाघीस वाटते.

फ्लोरिडा स्टेटमध्ये प्रशिक्षक होते बॉबी बॉडेन. तिथे सँडर्स फुटबॉल खेळला, बेसबॉल खेळला आणि धावलाही. १९८७ साली एका स्पर्धेत बेसबॉलचे दोन सामने एकाच दिवशी होते. पहिला संपल्यावर तो धावपट्टीवर गेला, रिलेतला आपला टप्पा धावला आणि परत येऊन दुसऱ्या सामन्याला उभा राहिला. १९८८ साली देशातल्या मागच्या फळीतल्या सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा जिम थॉर्प पुरस्कार त्याला मिळाला. १९८९ च्या एनएफएल निवडीत अटलांटा फाल्कन्सने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. त्या वर्षीच्या पहिल्या पाचांपैकी चौघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला एक आठवडा अमेरिकन क्रीडा इतिहासात एकमेव आहे. ५ तारखेला न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाकडून खेळताना त्याने होम रन मारली. १० तारखेला फाल्कन्सकडून आपल्या पहिल्याच एनएफएल सामन्यात प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू झेलून ६८ यार्ड पळत गोलरेषा ओलांडली, म्हणजे टचडाउन केला. व्यावसायिक पातळीवर एका आठवड्यात या दोन्ही गोष्टी करणारा दुसरा कोणी नाही. सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना आणि बेसबॉलची वर्ल्ड सिरीज या दोन्हींत खेळलेलाही तो एकटाच. १९९२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये अटलांटा ब्रेव्हजकडून पायाला दुखापत असताना तो खेळला आणि १५ वेळा फलंदाजी करून ८ हिट मारले. संघ मात्र टोरोंटोकडून हरला.

त्याच्या काही दिवस आधी, ११ ऑक्टोबरला, त्याने एका दिवसात दोन लीगचे सामने खेळायचा घाट घातला होता. दुपारी मायामीत फुटबॉल खेळला, मग विमानाने पिट्सबर्गला जाऊन रात्री बेसबॉलच्या संघात दाखल झाला. तिथे त्याला मैदानात उतरवलंच नाही. एका समालोचकाने या खटाटोपावर टीका केली, तेव्हा ब्रेव्हज जिंकल्यावर सँडर्सने त्याच्यावर पाण्याच्या बादल्या ओतल्या. हे वागणं पोरकट होतं. त्याचं समर्थन करावंसं वाटत नाही.

त्याच्या खेळाचा परमोच्च काळ पाहायचा तर १९९४ चा हंगाम पाहावा. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे तो फक्त एका वर्षासाठी गेला. सहा इंटरसेप्शन केली, ती घेऊन ३०३ यार्ड पळाला, तीनदा टचडाउन केला. त्यातला एक ९३ यार्डांचा, तोही आपल्या जुन्या अटलांटा संघाविरुद्ध, अटलांटाच्याच मैदानावर. वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि संघाने सॅन डिएगोला ४९-२६ असं हरवून सुपर बोल जिंकला. पुढच्या वर्षी डॅलस काउबॉइजने त्याला सात वर्षांसाठी ३ कोटी ५० लाख डॉलरचा करार दिला. बचावपटूला इतकी रक्कम ही तेव्हा खळबळजनक बातमी होती. त्याच हंगामात डॅलसनेही सुपर बोल जिंकला.

डॅलसमधलं १९९६ हे वर्ष त्याच्या चरित्रांत बहुधा दोन ओळींत उरकलं जातं. माझ्या मते पुढच्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. त्या हंगामात तो कॉर्नरबॅकबरोबरच वाइड रिसीव्हर म्हणूनही नियमित खेळला आणि ३६ झेल घेऊन ४७५ यार्ड मिळवले. आधुनिक एनएफएलमध्ये खेळाडू एकाच बाजूचा असतो. आक्रमण संपलं की तो बाकावर बसून श्वास घेतो. दोन्ही बाजूंनी खेळणं ही १९५० च्या आसपास मागे पडलेली पद्धत. सँडर्सने ती स्वतःच्या फुप्फुसांवर आणि गुडघ्यांवर तपासून पाहिली होती. सरावाच्या वेळेचं काय होतं, शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय किती जड होतात, कोणत्या चेंडूला धावायचं आणि कोणता सोडायचा, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

१९९७ च्या सुमारास तो आतून कोसळला होता. संसार मोडत होता, आणि त्याने आयुष्य संपवायचा प्रयत्न केला. हे त्याने स्वतः आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे. त्यातून तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला आणि आजही त्याच्या बोलण्यात ती सतत येते. २००० साली वॉशिंग्टनकडून खेळून तो थांबला, २००४ मध्ये बाल्टिमोरकडून परत आला आणि दोन हंगामांनी कायमचा निवृत्त झाला.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात चांगली नव्हती. टेक्सासमध्ये त्याच्या पुढाकाराने २०१२ साली ‘प्राइम प्रेप अकॅडमी’ ही शाळा सुरू झाली. आर्थिक आणि प्रशासकीय गोंधळात ती जानेवारी २०१५ मध्ये बंद पडली. मुलांचं नुकसान झालं. त्याच्या प्रशिक्षकपदाचं कौतुक करताना ही शाळा वगळून चालणार नाही. नंतर टेक्सासमधल्याच एका ख्रिस्ती शाळेत तो शिकवत राहिला. आणि सप्टेंबर २०२० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट विद्यापीठाने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं.

जॅक्सन स्टेट कळल्याशिवाय त्या नेमणुकीचं वजन कळत नाही. गुलामगिरी संपल्यानंतर, १८७७ साली, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी नॅचेझ गावात ही संस्था सुरू झाली आणि पुढे जॅक्सन शहरात आली. दक्षिणेतली मोठी विद्यापीठं कृष्णवर्णीयांना दारातही उभं करत नव्हती तेव्हा त्या भागातले उत्तमोत्तम खेळाडू अशाच संस्थांत जात. चेंडू घेऊन पळणारा थोर खेळाडू वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटचा. साठ-सत्तरच्या दशकांत डेट्रॉइट लायन्सकडून खेळलेला थोर कॉर्नरबॅक लेम बार्नी हाही इथलाच. लुइझियानातल्या ग्रँब्लिंगमध्ये एडी रॉबिन्सन यांनी अशाच एका संस्थेत ४०८ सामने जिंकले. मग साठच्या दशकाच्या अखेरीपासून दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांच्या संघांची दारं उघडली. न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं होतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला की गुणी मुलं, त्यांच्यामागून प्रेक्षक, दूरचित्रवाणी आणि पैसा, हे सगळं त्या मोठ्या विद्यापीठांकडे वाहत गेलं. ज्या संस्थांनी कठीण काळात ही मुलं सांभाळली त्यांच्या वाट्याला जुनी मैदानं आणि जुन्या आठवणी उरल्या.

सँडर्सचा तिथला करार चार वर्षांना १२ लाख डॉलरचा होता. मोठ्या विद्यापीठांतले साहाय्यक प्रशिक्षकही याहून जास्त कमावतात. कोविडमुळे पुढे ढकललेला पहिला हंगाम २०२१ च्या वसंतात झाला: ४ विजय, ३ पराभव. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ११-२ आणि त्यांच्या गटाचं विजेतेपद. त्या हंगामात त्याच्या डाव्या पायात रक्ताच्या गाठी झाल्या, अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि दोन बोटं कापावी लागली. मग तो चाकाच्या खुर्चीतून मैदानाच्या कडेला येऊन संघ चालवू लागला. २०२२ मध्ये १२-१. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जॅक्सन शहराची पाणीयोजनाच कोलमडली. नळाला पाणी नाही, संघाला अंघोळीची सोय नाही. सँडर्सला मुलांच्या राहण्याची व्यवस्था शहराबाहेर शोधावी लागली. त्याच्या नावामुळे राष्ट्रीय वाहिन्यांचे कॅमेरे जॅक्सनमध्ये होते आणि एका गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय शहराचं हे दुखणं देशभर दिसलं.

पण या काळातली सर्वांत मोठी घटना डिसेंबर २०२१ मधली. जॉर्जियातला ट्रॅव्हिस हंटर हा मुलगा त्या वर्षीच्या शालेय खेळाडूंत देशात अव्वल मानला जात होता. त्याने फ्लोरिडा स्टेटला, म्हणजे सँडर्सच्याच विद्यापीठाला, शब्द दिलेला होता. सह्यांच्या दिवशी त्याने जॅक्सन स्टेट निवडलं. पन्नास वर्षं एकाच दिशेने वाहणारा प्रवाह एका दुपारी उलटा वाहिला. लोक पैशाबद्दल बोलले. २०२१ च्या जुलैपासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचे जाहिरातींतून पैसे घ्यायची मुभा मिळाली होती हे खरंच. पण हंटर कॉर्नरबॅक होता आणि रिसीव्हरही होता, आणि त्याला दोन्ही खेळायचं होतं. बाकीच्यांनी फार तर अधूनमधून संधी दिली असती. समोर बसलेल्या माणसाने हे एनएफएलमध्ये करून दाखवलं होतं.

३ डिसेंबर २०२२ ला गटाचं विजेतेपद पुन्हा जिंकल्यावर काही तासांत सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठाकडे गेला. पाच वर्षं, २ कोटी ९५ लाख डॉलर. हंटर आणि सँडर्सचा क्वार्टरबॅक मुलगा शेडूरही त्याच्या मागोमाग गेले. जॅक्सनमध्ये अनेकांना हे फार लागलं. त्याने कृष्णवर्णीयांच्या संस्थांचं भवितव्य बदलण्याची भाषा केली होती आणि तीन हंगामांत तो निघून गेला. मला त्यांचा राग रास्त वाटतो. मोठी संधी घेणं हा प्रशिक्षकाचा हक्क आहे, पण ज्याने लढ्याची भाषा वापरली त्याच्याकडून लोक जास्त मुक्कामाची अपेक्षा ठेवणारच.

कोलोरॅडोने आदल्या हंगामात १२ पैकी एकच सामना जिंकला होता. बोल्डर शहरात, समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरहून जास्त उंचीवर, डोंगरांना टेकून त्यांचं फॉल्सम फील्ड आहे. सामन्याआधी तिथे राल्फी नावाची जिवंत बायसन मादी मैदानात धावत येते. १९९० सालचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी वाटून घेतलं होतं. पुढच्या काळात उतरण लागली होती. सँडर्सने पहिल्याच बैठकीत मुलांना सांगितलं की तुमच्यातल्या अनेकांनी दुसरीकडे जागा शोधावी. बैठकीचं चित्रीकरण जगाने पाहिलं. खेळाडूंना विद्यापीठ बदलताना एक वर्ष बाहेर बसावं लागण्याची जुनी अट नुकतीच गेली होती, त्यामुळे हे शक्य झालं. ऐंशीहून अधिक नवे खेळाडू आले. एका उन्हाळ्यात इतका संघ कोणीच बदलला नव्हता. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना ज्या उघडपणे दार दाखवलं गेलं ते मला पटत नाही. हे काम बंद खोलीत, एकेकाला समोर बसवून करता आलं असतं.

२ सप्टेंबर २०२३ ला पहिला सामना, आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय उपविजेत्या, टेक्सासमधल्या टीसीयू विद्यापीठाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर. कोलोरॅडो ४५-४२ ने जिंकलं. शेडूरने ५१० यार्ड फेकले. टेक्सासच्या उन्हात हंटर दोन्ही बाजूंनी शंभराहून अधिक डाव खेळला: ११ झेल, ११९ यार्ड आणि एक इंटरसेप्शन. मग नेब्रास्का हरलं. मग शेजारचं कोलोरॅडो स्टेट, दोन जादा डावांत. पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दोन वाजून गेले होते तरी सुमारे ९३ लाख लोकांनी तो सामना पाहिला. त्या सामन्यात उशिरा बसलेल्या धडकेने हंटरच्या यकृताला जखम झाली. धडक देणाऱ्या मुलाला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या, तेव्हा सँडर्सने जाहीरपणे त्याची बाजू घेतली आणि आपल्याच चाहत्यांना थांबायला सांगितलं. प्रशिक्षक म्हणून त्याच्या चांगल्या क्षणांत मी हा क्षण बराच वर ठेवीन.

त्यानंतर घसरण सुरू झाली. ओरेगनने ४२-६ ने चिरडलं. स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० अशी आघाडी होती. सामना ४३-४६ असा गेला. हंगाम ४-८ वर संपला. शेडूरला चेंडू फेकायच्या आत प्रतिस्पर्ध्यांनी ५२ वेळा जमिनीवर आपटलं, आणि चेंडू घेऊन पळण्यात कोलोरॅडो देशात तळाशी होतं.

सँडर्सच्या संघाचा दोष या आकड्यांत दिसतो, आणि तो त्याच्या घडणीतूनच आलेला आहे असं मला वाटतं. तो मैदानाच्या कडेवर वाढला. कडेवर एक माणूस विरुद्ध एक माणूस असतो. तिथे असामान्य देणगी असलेला एक खेळाडू सगळं बदलून टाकतो. मैदानाच्या मध्यभागी तसं चालत नाही. क्वार्टरबॅकच्या समोर पाच अवजड माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. त्यातला एकही प्रसिद्ध नसला तरी चालतं, पण पाचही जणांनी एकाच क्षणी एकाच दिशेने पाऊल टाकायला हवं. शेजाऱ्याचा पाय कुठे पडेल हे न पाहता कळायला त्यांना दोन-दोन, तीन-तीन वर्षं एकत्र घालवावी लागतात. एका उन्हाळ्यात रिसीव्हर आणता येतो, कॉर्नरबॅक आणता येतो. मधली फळी आणता येत नाही. शाळांमधून कोवळी मुलं निवडून ती सावकाश घडवण्यापेक्षा तयार खेळाडू आणण्याकडे सँडर्सचा कल राहिला, आणि त्याची किंमत मध्यभागी मोजावी लागली.

कडेवरचं यश मात्र लखलखीत होतं. २०२४ मध्ये कोलोरॅडोने ९ सामने जिंकले. हंटरने ९६ झेलांत १,२५८ यार्ड मिळवले, १५ वेळा झेलातून टचडाउन केला, आणि कॉर्नरबॅक म्हणून चार इंटरसेप्शन केली. चारच, कारण त्याच्याही बाजूला क्वार्टरबॅक फारसे फेकत नव्हते. डिसेंबरमध्ये त्याला हाइजमन करंडक मिळाला. देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हा करंडक जवळजवळ नेहमी क्वार्टरबॅककडे किंवा पळणाऱ्याकडे जातो. मुख्यतः बचाव करणाऱ्याला तो त्याआधी एकदाच, १९९७ साली, मिळाला होता: चार्ल्स वुडसनला, आणि तोही कॉर्नरबॅक. दुसरा कोणताही प्रशिक्षक असता तर हंटरच्या काळजीपोटी, आणि स्वतःच्या नोकरीपोटीही, त्याला एका बाजूला बसवलं असतं. त्याला दोन्हीकडे खेळू देणं हा सँडर्सचा प्रशिक्षक म्हणून सर्वांत स्वतःचा असा निर्णय. एप्रिल २०२५ च्या एनएफएल निवडीत हंटर दुसऱ्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलकडे गेला. शेडूरला पाचव्या फेरीपर्यंत, १४४ व्या क्रमांकापर्यंत, ताटकळावं लागलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये विद्यापीठाने सँडर्सला नवा करार दिला: पाच वर्षं, ५ कोटी ४० लाख डॉलर. जुलैअखेर त्याने पत्रकारांना सांगितलं की कर्करोगामुळे मूत्राशय काढून टाकावं लागलं, आतड्याच्या तुकड्यापासून नवं बनवलं, आणि डॉक्टरांच्या मते तो आता बरा आहे. नवीन मूत्राशयाबरोबर येणाऱ्या रोजच्या अडचणींबद्दल तो मोकळेपणाने बोलला आणि पुरुषांना तपासण्या करून घ्यायला सांगितलं. मग तो मैदानावर आला. हंटर आणि शेडूर दोघेही गेलेल्या संघाचा तो हंगाम ३-९ असा संपला. करार २०२९ पर्यंत आहे, आणि कोलोरॅडोला आता सर्वांत जास्त गरज आहे ती त्या मधल्या पाच माणसांची.